मार्टिनसाठी भोपळे टांगताना

पर्पल मार्टिन हा उत्तर अमेरिकेतला, भिंगरीच्या कुळातला पक्षी. खांबाला टांगलेल्या पोकळ भोपळ्यात तो घरटं करतो. आधी जागा बघा. झाडांपासून निदान 40 फूट मोकळं हवं. पर्पल मार्टिनला झेपावत येण्याजाण्यासाठी वाट लागते आणि ससाणे झाडाआडूनच झडप घालतात. मात्र खांब घरापासून 100 फुटांच्या आत रोवा, माणसांच्या वावराला शिकारी पक्षी बिचकतात.

भोपळे 8 ते 13 इंच व्यासाचे, खडखडीत वाळलेले घ्या (आपल्या दुध्याचीच ही जात). बुडाला पाणी निथळायला तीन-चार भोकं, बाजूला साफसफाईचं झाकण आणि बाहेरून पांढराच रंग. गडद रंगाच्या भोपळ्यात पिल्लं उन्हाळ्यात होरपळतात.

खरी मेख दारात आहे. 54 मिलिमीटरच्या गोल भोकातून मार्टिन आरामात जातो, पण युरोपियन स्टारलिंगही (मैनेच्या कुळातला पक्षी) जातो आणि अंडी फोडतो. म्हणून अर्धचंद्राकृती दार करा: 3 इंच रुंद, 30 मिलिमीटर उंच, खालची सपाट कड बाहेरच्या पायरीला जवळजवळ टेकलेली. कानस जरा जास्त फिरली की स्टारलिंग आत शिरलाच! चिमण्या तर या दारातूनही शिरतात. त्यांचं घरटं दिसताच काढा.

खांब 12 ते 15 फुटी, कप्पी-दोरीचा असावा, म्हणजे दर आठवड्याला भोपळे उतरवून तपासता येतात. खालच्या भागात साप आणि रॅकून (अमेरिकेतला, वर चढणारा छोटा शिकारी प्राणी) अडवणारं पत्र्याचं नळकांडं पहिल्या दिवसापासून बसवा.

नव्या ठिकाणी बहुतेक गेल्या वर्षीची तरुण पाखरं येतात, जुन्या जाणत्यांनंतर चार-पाच आठवड्यांनी. तोवर दारं बंदच ठेवा.