मागे बसणाऱ्याच्या पाठीला आधार

दुचाकीच्या बॅकरेस्टविषयी चार वाचकांनी विचारलं आहे. प्रत्येकाची अडचण वेगळी आहे, म्हणून उत्तरंही वेगळी.

चिपळूण : आईला दर महिन्याला कुंभार्ली घाटाने कराडच्या डॉक्टरांकडे नेतो. चढणीला ती मागे सरकते आणि घाबरते. ग्रॅब रेलला क्लॅम्पने आवळायचा बॅकरेस्ट ऑनलाइन स्वस्तात मिळतोय. घेऊ का?

आईसाठी तो घेऊ नका. ग्रॅब रेल हाताने धरायला दिलेली असते. टेकून बसलेल्या माणसाचा भार सीटच्या वर वीतभर उंचीवर येतो आणि खालचा जोड पिळवटतो. चढणीला ॲक्सिलरेटर पिळलात की तोच भार हिसक्याने बसतो. माझ्या गॅरेजात अशी एक गाडी आली होती. मालकाची तक्रार एवढीच, की मागून कुरकुर येते. सीट काढून रेल पुसली, तर वेल्डिंगच्या कडेने केसाएवढी तांबूस रेघ दिसली. अंगठ्याने दाबली तशी ती उघडली. मागे त्याची बायको बसायची. ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

तुमच्या मॉडेलसाठीच बनवलेला, दोन्ही बाजूंनी चेसीला बोल्टने बसणारा बॅकरेस्ट घ्या. बसवताना समोर उभे राहा. ब्रॅकेटची पट्टी चार मिलिमीटर जाड असेल तर जुना बोल्ट तेवढाच कमी आत जातो. आठ एमएमच्या बोल्टचे तीन आटे गेले. मेकॅनिक तोच बोल्ट परत लावायला लागला तर थांबवा आणि तेवढाच जास्त लांब बोल्ट मागा, डोक्यावर 8.8 हा मजबुतीचा आकडा कोरलेला. गरजेपेक्षा लांबही नको, तो आत टायरला किंवा वायरिंगला घासतो. मग बॅकरेस्ट दोन्ही हातांनी धरून मागे ओढा, बाजूला हलवा. सगळी गाडी हलली तर जोड पक्का. नुसता बॅकरेस्ट हलला तर गाडी तिथून काढू नका. शंभरेक किलोमीटर झाले की बोल्ट पुन्हा तपासा.

माप आईला गाडीवर बसवून, पाय फुटरेस्टवर ठेवूनच घ्या. गादी कमरेच्या खळगीला लागली पाहिजे. बॅकरेस्ट आला की मागून पाय टाकून चढता येत नाही, म्हणून आधी तुम्ही बसा, दोन्ही पाय जमिनीवर रोवा, मग आई तुमच्या खांद्याला धरून पाय पुढून घेईल. गुडघे दुखत असतील तर घरापाशी एखादी पायरी गाठून हे दोन-चारदा करून पाहा.

आणि कराडहून परतताना लक्षात ठेवा, उताराला ब्रेक लावला की अंग पुढे येतं. तिथे बॅकरेस्टचा काही उपयोग नाही. आईने तुमची कंबर धरायची आणि तुम्ही खालच्या गिअरमध्ये सावकाश उतरायचं. दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट हवंच.

मालवण : पत्नी साडीत एका बाजूला पाय घेऊन बसते. तिला आधार होईल का?

नाही. तशा बसण्यात बॅकरेस्ट डाव्या कुशीला येतो, पाठ उघडीच राहते. तिच्यासाठी धरायचा दांडा आणि साडी गार्ड महत्त्वाचे. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधल्या 123 व्या नियमाने हे दोन्ही आणि फुटरेस्ट बंधनकारक आहेत. बॅकरेस्ट बसवताना यातलं काही काढू देऊ नका. ड्रेस घालून दोन्हीकडे पाय टाकून बसणं जमणार असेल तर ते कधीही चांगलं.

हर्णै : घर समुद्राला लागून. क्रोमचा बॅकरेस्ट वर्षात गंजला. स्टेनलेसचा घेतला तर टिकेल?

जास्त टिकेल, पण काळजी चुकत नाही. क्रोमला बारीक छिद्रं असतात, खारी हवा त्यातून आतल्या लोखंडाला खाते आणि वरचा पापुद्रा सुटतो. स्टेनलेस घेताना 304 ग्रेडचं मागा. बाजारात 202 सुद्धा त्याच चकाकीत मिळतं आणि ते किनाऱ्यावर लवकर डागाळतं. लोहचुंबक लावून फरक कळत नाही, दोन्हींना तो सहसा चिकटत नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्या. 304 वरही तांबूस डाग पडतात, पण ते वेळीच पुसले तर जातात. आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवा, क्लॅम्पच्या खाली आणि पाइपच्या टोकाला विशेष, कारण मीठ तिथेच साचतं. बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावा, नाहीतर पुढच्या वर्षी ते कापूनच काढावे लागतील.

पावसात गादीचा स्पंज शिवणीतून पाणी पितो आणि बुरशी धरतो. रेक्झिनच्या खालच्या बाजूला दोन भोकं पाडून घ्या, पाणी निथळून जाईल.

गुहागर : मुलगी तीन वर्षांची. ओढणीने बॅकरेस्टला बांधून नेलं तर?

कृपा करून असं करू नका. गाडी पडली तर बांधलेलं मूल गाडीबरोबर फरफटेल, आणि गाठ सोडायला तुम्हाला वेळ मिळणार नाही. चार वर्षांखालच्या मुलांसाठी 2022 च्या नियमाने सेफ्टी हार्नेस सांगितला आहे. तो मुलाच्या अंगात घालायचा आणि त्याचे पट्टे चालवणाऱ्याने आपल्या अंगाला लावायचे. मापाचं हेल्मेट हवं आणि वेग ताशी 40 किलोमीटरच्या आत. तीन वर्षांच्या मुलीची पाठ बॅकरेस्टपर्यंत पोचतही नाही. बॅकरेस्टचे पैसे राखून ठेवा, आज हार्नेस आणा.