वाळवंटातल्या दुर्बिणीचं काम आणि तापीकाठची सहा एकर

धुळ्याहून एका विद्युत ठेकेदार भाऊंचं पत्र आलं आहे. वय ४३, परवाना स्वतःच्या नावावर, धंदा अठरा वर्षांचा. साक्री आणि दोंडाईचा भागातल्या सौर प्रकल्पांवर स्ट्रक्चर, केबल ट्रे, अर्थिंग अशी पोटठेक्याची कामं त्यांनी केली आहेत. पुण्याची एक कंपनी परदेशात दुर्गम भागात उभ्या राहत असलेल्या रेडिओ दुर्बिणीच्या वीजपुरवठ्याचं काम घेऊ पाहते आहे. इन्व्हर्टर आणि बॅटऱ्या ठेवण्याची धातूची बंदिस्त कपाटं या भाऊंनी करून द्यावीत, असं कंपनीचं म्हणणं. ऑर्डर २ कोटी ४० लाखांची, दहा महिन्यांत चार लॉटमध्ये माल. हातात सध्या इरादापत्र आहे, पक्का करार नाही.

त्यासाठी ६० लाख उभे करायचे आहेत: अवधान एमआयडीसीतल्या शेडची वाढ १४ लाख, पत्रा वाकवायचं मशीन २८ लाख, बँक गॅरंटीच्या मार्जिनला (हमीपोटी बँकेत अडकणाऱ्या रकमेला) १२ लाख, चालू खर्चाला ६ लाख. शिरपूर तालुक्यातली तापीकाठची सहा एकर गहाण ठेवून ४० लाख आणि एफडी मोडून २० लाख, असा विचार आहे. शेत धाकट्या भावासोबत सामाईक, मोठी मुलगी बारावीला. "नफा ३६ लाख दिसतो. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) शेडचं काम सुरू करू का?" असा प्रश्न आहे.

भाऊ, आखाजीला शेड सुरू करू नका. कामाला मात्र एवढ्यात नाही म्हणू नका. कामाची जात चांगली आहे आणि तुमचा हात त्याच्या जवळचा आहे. माझा आक्षेप फक्त पैसा ज्या रस्त्याने यायचा आहे त्या रस्त्याला आहे.

आधी काम समजून घेऊ, कारण पैशाची जोखीम त्यातच दडलेली आहे. रेडिओ दुर्बीण आकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओ लहरी पकडते. आपल्या नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची. पुणे–नाशिक रेल्वेचा मार्ग तिच्या जवळून नेण्याला हरकत आली ती याच कारणाने: विजेवर चालणारी कुठलीही गोष्ट रेडिओ आवाज करते आणि दुर्बिणीला आकाश ऐकू येत नाही. तुम्ही साक्रीला बसवलेला इन्व्हर्टरही तसाच. आत सेकंदाला हजारो वेळा स्विचिंग चालतं आणि त्याचा गोंगाट हवेत पसरतो. शेतकऱ्याच्या पंपाला त्याने काही फरक पडत नाही, दुर्बिणीला पडतो.

म्हणून या दुर्बिणी माणसापासून लांब बांधतात. स्क्वेअर किलोमीटर ॲरे हा आजचा सर्वांत मोठा प्रकल्प दोन देशांत चालू आहे. दक्षिण आफ्रिकेच्या कारू भागात १९७ तबकड्या असतील, त्यातल्या ६४ आधीच्या मीरकॅट दुर्बिणीच्या. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या मर्चिसन भागात १,३१,०७२ लहान अँटेना लागणार आहेत. मर्चिसन शायरचं, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासकीय विभागाचं, क्षेत्रफळ जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्हे मिळून भरतं त्याच्या दुपटीच्या आसपास, आणि वस्ती शे-दीडशे माणसांची. तिथे जी दुर्बीण आधीपासून चालते तिच्यासाठी १.६ मेगावॉटचा सौर प्रकल्प आणि २.५ मेगावॉट-तासाची बॅटरी बसवली, आणि त्या वीजकेंद्रातून रेडिओ आवाज बाहेर पडू नये म्हणून वेगळं आवरण द्यावं लागलं. तुमचं कपाट म्हणजे त्या आवरणाचाच धाकटा भाऊ.

भारत या प्रकल्पात आहे. १,२५० कोटी रुपयांच्या सहभागाला केंद्र सरकारची मंजुरी आहे, आणि सदस्य देशाने दिलेल्या पैशाच्या प्रमाणात त्याला कामं मिळावीत असं प्रकल्पाचं धोरण आहे. पण भारताच्या वाट्यातलं मोठं काम दुर्बीण चालवण्याच्या सॉफ्टवेअरचं आणि इलेक्ट्रॉनिक्सचं आहे. जागेवरचे रस्ते, पाया, वीज ही कामं साहजिकच स्थानिक ठेकेदारांकडे झुकतात. ऑस्ट्रेलियात तुमचा इथला विद्युत परवाना चालत नाही. दक्षिण आफ्रिकेत सरकारी बांधकामाला तिथल्या मंडळाची नोंदणी लागते. त्यामुळे तुम्ही फक्त माल पुरवणार, उभारणी दुसरं कोणी करणार. हे वाक्य लक्षात ठेवा, खाली त्याचे पैसे मोजायचे आहेत.

पुण्याच्या कंपनीला विचारा: निविदा कुठली, क्रमांक काय, काम तुम्हाला मिळालं आहे की तुम्ही अजून बोली लावताय? इरादापत्रावर बँक तुम्हाला हसून चहा पाजेल, लिमिट वाढवणार नाही. एका मध्यस्थाने "नोंदणीसाठी" पाच लाख मागितल्याचं तुम्ही लिहिलंय, ते देऊ नका. निविदेचं शुल्क निविदेच्या कागदात छापलेलं असतं आणि त्याची पावती मिळते. कोणाच्या खाजगी खात्यात ते भरायचं नसतं.

आता तुमच्याच आकड्यांवर बसू. देयकाची अट तुम्ही लिहिली आहे: १० टक्के आगाऊ, ७० टक्के माल तपासून रवाना झाल्यावर ९० दिवसांनी, १५ टक्के जागेवर बसवल्यावर, ५ टक्के त्यानंतर एका वर्षाने. नफा १५ टक्के धरला तर एकूण खर्च २ कोटी ४ लाख, म्हणजे लॉटमागे ५१ लाख. त्यातले ३६ लाख पत्रा आणि सुटे भाग, १५ लाख मजुरी आणि इतर.

पहिला लॉट दहाव्या आठवड्यात निघेल. त्याचे पैसे तेविसाव्या आठवड्यात येतील. तोवर दुसरा लॉट पूर्ण झालेला असेल आणि तिसऱ्याचा पत्रा आणावा लागलेला असेल. ५१ अधिक ५१ अधिक ३६, म्हणजे १ कोटी ३८ लाख. आगाऊ मिळालेले २४ लाख वजा केले तरी १ कोटी १४ लाखांचा खड्डा उरतो. तुमच्या ६० लाखांत या खड्ड्यासाठी ठेवलेत ६ लाख. आगाऊ रकमेसह हाताशी ३० लाख होतात, आणि पहिल्याच लॉटचा पत्रा ३६ लाखांचा आहे. मशीन येईल, शेड होईल आणि मशीनमध्ये घालायला पत्रा नसेल.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचली. सगळा माल वेळेत दिलात, सगळी बिलं निघाली, तरी उभारणी होईपर्यंत तुम्हाला ८० टक्केच मिळतात, म्हणजे १ कोटी ९२ लाख. खर्च २ कोटी ४ लाख. काम संपलेलं असताना तुम्ही १२ लाखांनी खाली असाल. तुमचा पूर्ण नफा आणि वर १२ लाख समुद्रापलीकडच्या उभारणीवर टांगलेले असतील, जी तुम्ही करणार नाही आणि जिच्यावर तुमची सत्ता नाही. पाया उशिरा झाला, बोट लांबली, दुसऱ्याच्या केबलीत दोष निघाला, की तुमचे ४८ लाख थांबले. स्क्वेअर किलोमीटर ॲरेची कल्पना १९९० च्या दशकाच्या सुरुवातीची आहे आणि बांधकामाचा आरंभसोहळा झाला डिसेंबर २०२२ मध्ये. विज्ञानाला हा धीर शोभतो, पण बँकेचा हप्ता धीर धरत नाही. जमिनीवर ४० लाख १२ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतलेत तर महिन्याला सुमारे ७० हजार ६०० रुपये, पहिल्या बिलाचा रुपया हातात येण्याच्या पाच महिने आधीपासून. घरखर्च ४५ हजार आणि घरकर्जाचा हप्ता १४ हजार आहेतच.

माझ्या थोरल्या भावाने एका वीज उपकेंद्राचं पोटठेक्याचं काम घेतलं होतं. काम उत्तम झालं, साहेबांनी पाठही थोपटली. शेवटची दहा टक्के रक्कम दोन वर्षं अडकली, कारण मुख्य ठेकेदाराचं वरचं बिल अडकलं होतं. त्या दोन वर्षांत आईच्या पाटल्या जळगावच्या सराफाकडे गहाण होत्या. आईने कधी विषय काढला नाही. भाऊ मात्र पोळ्याला, दिवाळीला तिच्या हाताकडे बघायचा टाळायचा. म्हणून करारात "आम्हाला मिळाल्यावर तुम्हाला देऊ" असं कलम आहे का ते आधी शोधा. असेल तर ते काढायला लावा. नाही काढलं तर काम सोडा.

तुमच्या बाजूने एक कायदा उभा आहे, तो वापरा. तुमची उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे. सूक्ष्म-लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्यानुसार खरेदीदाराला लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरातही तरतूद झाली: अशा उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च खरेदीदाराला करात वजा मिळत नाही. म्हणजे ९० दिवसांची अटच कायद्यात बसत नाही, आणि कंपनीच्या हिशेबनीसालाही ती परवडणार नाही. भांडू नका, शांतपणे हे त्यांच्या लेखा विभागासमोर ठेवा. ४५ दिवस झाले की खड्डा सत्तर-पंच्याहत्तर लाखांवर येतो. तुमच्यासाठी तरीही तो खोलच आहे.

म्हणून माझी सूचना: पत्रा त्यांचा, मजुरी तुमची. लेबर जॉबवर काम घ्या. माल डिलिव्हरी चलनावर त्यांच्याकडून येईल, तुम्ही कापून, वाकवून, वेल्डिंग करून, जुळवून द्याल. तुमचा खर्च ६० लाख, बिल ७२ लाख, नफा १२ लाख. ३६ वरून १२ वर आलो म्हणून तोंड कडू होईल, मला माहीत आहे. पण चारऐवजी आठ लहान लॉट मागा, पाच-पाच आठवड्यांचे, ४५ दिवसांच्या देयकाने. मग आगाऊ ७ लाख २० हजार धरून खड्डा दहा लाखांच्या आसपास राहतो, आणि तुमच्या कॅश क्रेडिटमध्ये, म्हणजे धंद्यासाठी बँकेने दिलेल्या उचलीच्या मर्यादेत, तेवढी जागा मोकळी आहे. उभारणी तुमची नसल्याने राखून ठेवायची रक्कम ५ टक्क्यांपेक्षा जास्त मान्य करू नका. मग माल गेला की खर्च निघून साधारण आठ लाख नफा हातात असेल. विलंब दंडाला कमाल मर्यादा लिहून घ्या. तुमची फर्म प्रोप्रायटरी, म्हणजे एकट्याच्या मालकीची आहे, दंड थेट घरापर्यंत येतो.

मशीन घेऊ नका. नाशिकच्या अंबड-सातपूर भागात पत्रा वाकवून देणारे बरेच कारखाने आहेत, पहिले दोन लॉट तिथून भाड्याने वाकवून आणा. वाहतुकीचा खर्च आणि वाया जाणारा वेळ मोजा. तो आकडा २८ लाखांच्या हप्त्याला भारी पडतो का, हे तुम्हालाच दिसेल.

त्याआधी एक नमुना कपाट करा आणि चाचणीला पाठवा. 'समीर' या सरकारी संशोधन संस्थेच्या चेन्नई केंद्रात किंवा पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेत ईएमआय-ईएमसी चाचणी होते, म्हणजे रेडिओ आवाज किती बाहेर पडतो ते मोजतात. इथेच तुमचं खरं भांडवल तयार होईल. साधं पॅनेल आणि हे कपाट यातला फरक फटीत असतो. दाराच्या कडेला वाहक गॅस्केट (फट बुजवणारी, वीज वाहणारी पट्टी) हवं. जोडावर पावडर कोटिंग चढलं तर धातूला धातू लागत नाही, म्हणून ती जागा आधी मास्क करावी लागते. हवा खेळायला साधी जाळी चालत नाही, मधाच्या पोळ्यासारखा झरोका लागतो. केबल आत येते तिथे फिल्टर लागतो, नाहीतर ती केबलच अँटेना होऊन आतला आवाज बाहेर नेते. पहिलं कपाट बहुतेक नापास होईल. ते एका कपाटावर झालेलं बरं, साठ लाखांच्या लॉटवर नको. नमुना आणि चाचणी मिळून माझी मर्यादा ३ लाखांची.

ते तीन लाख कुठून? तुमची एफडी २२ लाखांची. त्यातले १० मुलीच्या शिक्षणाचे, ते या विषयातून बाहेर काढा, वेगळ्या पावतीवर तिच्या आईसोबत संयुक्त नावाने ठेवा. सहा-सात महिन्यांचा घरखर्च आणि हप्ता धरून ४ लाख बाजूला. उरले ८. तीन नमुन्याला, पाच गॅरंटीच्या मार्जिनला. त्यापुढे एक रुपयाही नाही, कंपनीचा फोन रोज आला तरी. पीपीएफ आणि म्युच्युअल फंडाला हात लावायचा नाही. विमा १० लाखांचाच आहे असं लिहिलंय. ठेका घ्या अथवा घेऊ नका, एक कोटीचा मुदत विमा या महिन्यात घ्या.

शेताबद्दल एवढंच की सातबाऱ्यावर धाकट्या भावाचं नाव आहे. तो नाही म्हणणार नाही, असं तुम्ही लिहिलंत. तो नाही म्हणणार नाही म्हणूनच त्याला विचारू नका.

खोडद धुळ्यापासून एका दिवसात जाऊन-येऊन होतं. जीएमआरटी चालवणाऱ्या संस्थेच्या निविदा सार्वजनिक असतात. तिथली देखभालीची छोटी कामं बघत राहा. एक लहान काम जरी हाताखालून गेलं, तरी पुढच्या कंपनीसमोर तुमच्याकडे दाखवायला कागद असेल. फक्त लक्षात घ्या, सूक्ष्म उद्योगांना बयाणा रकमेतून मिळणारी सूट वस्तू आणि सेवांच्या खरेदीत असते. बांधकामाच्या ठेक्याला ती मिळेल असं गृहीत धरून निविदा भरू नका.

कंपनीने लेबर जॉबला होकार दिला तर सही करण्याआधी कराराचा मसुदा घेऊन जळगावला या. देयकाची आणि दंडाची कलमं आपण दोघं शेजारी बसून वाचू. चाचणीचा अहवालही सोबत आणा, पहिला नापासाचा असला तरी.