पर्सिस्टंट एएफवर अ‍ॅब्लेशन केलं तर पाच वर्षांनी किती जण बरे असतात? वडील 61 वर्षांचे आहेत, करावं का?

करावं का, हे त्यांना तपासलेले डॉक्टर सांगतील. (एएफ म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे ठोके बेताल होणं, पर्सिस्टंट म्हणजे आठवड्याहून जास्त टिकलेला, आणि अ‍ॅब्लेशन म्हणजे शिरेतून नळी हृदयात नेऊन त्या बिघाडाची जागा जाळणं.) पण "किती जण बरे असतात" यावरून आमच्या घरात जे वाजलंय ते अजून मिटलेलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

मी कोल्हापूरचा, गुळाची अडत आहे. 2017 साली जोतिबाचा डोंगर पायी चढताना निम्म्यात खाली बसलो. दम लागलेला आणि छातीत नुसती फडफड. डॉक्टरांनी अ‍ॅसिडिटी म्हणून गोळ्या दिल्या आणि मीही त्या आठ महिने खाल्ल्या. पुढं हर्नियाच्या ऑपरेशनआधी ईसीजी काढला, तेव्हा भूल देणाऱ्या मॅडमनी विचारलं, "हे ठोके असे कधीपासून आहेत?" काय सांगणार? ते आठ महिने मला आजही सलतात. एएफ जितका जुना होतो तितका हृदयाचा डावा वरचा कप्पा ताणत जातो, त्यात व्रण धरतात आणि लय परत बसवणं अवघड होतं. माझा कप्पा तोवर मोठा झालाच होता.

शॉक देऊन ठोके सरळ केले, ते अकरा दिवस टिकले. अमिओडॅरोन या ठोक्यांच्या औषधानं ठोके धरले, पण थायरॉईड बिघडवलं. शेवटी मार्च 2019 मध्ये पुण्याला जाऊन अ‍ॅब्लेशन केलं. खर्च साडेचार लाख. त्यातले दोन लाख आमच्या दाजींनी, म्हणजे थोरल्या बहिणीच्या यजमानांनी, मी मागायच्या आत आणून दिले. ते मी विसरलेलो नाही.

पहिले तीन महिने धडधड येत-जात राहिली. जाळलेली जागा भरून यायला तेवढा वेळ लागतो, त्या काळातलं काही जमेस धरत नाहीत. त्यानंतर दीड वर्ष मी माणसात होतो. त्याच वर्षी दसऱ्याच्या आधी जोतिबा चढून आलो, वाटेत एकदाच थांबलो, तेही पाणी प्यायला.

2020 च्या डिसेंबरात ठोके परत बिघडले. भाचीच्या साखरपुड्यात दाजी तीस माणसांसमोर म्हणाले, "साडेचार लाख पंचगंगेत सोडले असते तर पुण्य तरी लागलं असतं." बायको उठून आत गेली. मी गप्प बसलो, कारण पैसे त्यांचे होते आणि त्यावेळी माझ्याकडं उत्तरही नव्हतं.

आता आहे. अ‍ॅब्लेशनच्या बहुतेक अभ्यासांत सुरुवातीचे तीन महिने सोडून नंतर कधीही 30 सेकंदांपेक्षा जास्त एएफ नोंदला गेला, की तो माणूस "अपयशी" धरतात. तीस सेकंद! बारा महिने अखंड एएफमध्ये असलेल्या माणसाला वर्षात एकदा दोन तास धडधडलं, तर तोही अपयशीच. या मापानं फ्रान्समधल्या बोर्दोचे पाच वर्षांचे आकडे 2015 साली छापून आले. पर्सिस्टंट एएफचे 150 रुग्ण. एकदाच अ‍ॅब्लेशन करून पाच वर्षं पूर्ण साफ राहिले ते 100 मागं जेमतेम 17. पण ज्यांना गरज पडली त्यांचं परत केल्यावर, सरासरी दोन वेळा, तोच आकडा 63 वर गेला. याच बोर्दोच्या हायसागेर यांच्या चमूनं 1998 मध्ये दाखवलं होतं, की एएफची ठिणगी बहुतेकदा फुप्फुसाकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी पडते. म्हणजे तुमच्या प्रश्नाला दोन उत्तरं आहेत. दाजी पहिलं धरून बसलेत.

माझं दुसरं अ‍ॅब्लेशन जानेवारी 2022 ला झालं. पहिल्या वेळी तोडलेला चारपैकी दोन शिरांचा हृदयाशी विद्युतसंबंध परत जुळला होता, तो पुन्हा तोडला. बाकी काही जाळलं नाही. मी विचारलं, आत आलाच आहात तर आणखी थोडं का नाही? डॉक्टरांनी 589 रुग्णांच्या चाचणीचं सांगितलं: 18 महिन्यांनी नुसत्या शिरा वेगळ्या केलेले 59 टक्के साफ, वर आणखी जाळलेले 49 आणि 46 टक्के. जास्त जाळलं म्हणून जास्त फायदा होत नाही. तेव्हापासून मला दोनदाच धडधडलं, काही तासांत आपोआप थांबलं.

पण श्रेय एकट्या नळीचं नाही. पहिल्या वेळी माझ्या वजनाबद्दल मला कुणी चकार शब्द बोललं नव्हतं, घोरण्याबद्दल तर नाहीच. दुसऱ्या वेळेआधी मी 94 वरून 82 किलोवर आलो, झोपेत श्वास अडकतो म्हणून रात्री मशीन लावायला लागलो, दारू सोडली, बीपी-साखर आवरली. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडच्या अभ्यासात एएफच्या ज्या जाड रुग्णांनी 10 टक्के किंवा जास्त वजन उतरवून टिकवलं, त्यांची लय टिकण्याची शक्यता इतरांच्या सहापट निघाली. वडिलांचं वजन जास्त असेल तर तारीख घेण्याआधी हे सुरू करा.

आणि घरातल्या सगळ्यांना, विशेषतः पैसे देणाऱ्याला, आधीच बसवून सांगा की हे दोनदा करावं लागू शकतं. मी ते सांगितलं नव्हतं, चूक माझी. दाजींचे दोन लाख 2021 च्या पाडव्याला परत केले, पण ते वाक्य त्यांनी अजून मागं घेतलेलं नाही.

दाजींचा दुसरा मुद्दा: "ठोके सरळ झाले, मग रक्त पातळ करायची गोळी कशाला?" एएफमुळं येणाऱ्या पक्षाघाताच्या झटक्याचा धोका वय, बीपी, मधुमेह, आधीचा झटका यांवरून मोजतात, ईसीजी सरळ आहे की नाही यावरून नाही. मला बीपी आहे, साखर आहे, आता पासष्टीही ओलांडली. माझी गोळी चालू आहे आणि राहील.

हेही सांगायला हवं: अ‍ॅब्लेशननं आयुष्य वाढतं असं सरसकट सिद्ध झालेलं नाही. 2,204 रुग्णांच्या 2019 च्या मोठ्या चाचणीत ठरवलेल्या मुख्य निकषावर औषधांपेक्षा ठळक फरक दिसला नाही. हृदयाचं पंपिंग कमी असलेल्यांत मात्र 2018 च्या चाचणीत मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी भरती 44.6 वरून 28.5 टक्क्यांवर आली होती. आणि वडिलांना लहानपणच्या संधिवाती तापानं मायट्रल झडप अरुंद झाली असेल, तर माझं वरचं काहीच लावू नका. तिथं आधी झडपेचं बघतात आणि रक्त पातळ करायची गोळीही बहुधा वॉरफरिन हीच लागते.

अ‍ॅब्लेशन केलंच, तर पुढचे दोन महिने एक लक्षात ठेवा. ताप आला, गिळताना दुखलं, छातीत दुखलं किंवा बोलणं अडखळलं, तर जवळच्या दवाखान्यातून अ‍ॅसिडिटीची गोळी आणून देऊ नका आणि कुणाला एन्डोस्कोपीही करू देऊ नका. अन्ननलिकेला इजा होऊन तिथून हृदयापर्यंत भोक पडणं फार क्वचित होतं, पण झालं तर जीवावरचं असतं. ज्या डॉक्टरांनी अ‍ॅब्लेशन केलं त्यांना त्याच रात्री फोन लावा आणि छातीच्या सीटीबद्दल विचारा.