वाचकांचे प्रश्न : बुलेटच्या कव्हरांची चमक

प्रश्न : वडिलांची १९८८ ची बुलेट ३५० पुन्हा रस्त्यावर आणतोय. चेनकेस आणि टायमिंग कव्हरवर (इंजिनाच्या दोन बाजूंच्या ॲल्युमिनियमच्या झाकणांवर) कधीतरी लॅकर, म्हणजे पारदर्शक वार्निश, मारलेलं आहे. ते पिवळं पडलंय आणि त्याखाली पांढऱ्या रेघा पसरल्यात. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवलं की सगळं निघेल असं एकाने सांगितलं. बुडवू का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : अजिबात नको. कॉस्टिक लॅकरवर थांबत नाही, खालचं ॲल्युमिनियमही खातो. हायड्रोजन सुटतो, ओतीव धातूतलं सिलिकॉन मागे राहून भाग काळा-खरखरीत होतो आणि स्क्रूचे आटे कायमचे झिजतात.

आधी ऑइल सील काढा. मग मोकळ्या हवेत, हातमोजे घालून पेंट रिमूव्हर लावा, दहा-पंधरा मिनिटांनी नायलॉनच्या ब्रशने खरवडा. तारेचा ब्रश नको. त्याचे ओरखडे घालवण्यातच पुढचा दिवस जातो. पांढऱ्या रेघा म्हणजे लॅकर जिथे टवका उडून उघडं पडलं तिथून ओल आत शिरून झालेला गंज. त्या घासूनच जातात.

खड्डे असतील तर ३२० नंबरच्या वॉटर पेपरने (ओला करून वापरायच्या घासकागदाने) सुरुवात करा, नसतील तर ४०० ने. पुढे ६००, ८००, १०००. पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून वापरा. प्रत्येक नंबरला घासण्याची दिशा आडवी-उभी बदला आणि आधीच्या रेघा पूर्ण गेल्याशिवाय पुढे जाऊ नका. बफवर (चमक आणणाऱ्या फिरत्या चाकावर) जे ओरखडे उठून दिसतात ते बहुतेक वेळा ४०० चेच असतात. सपाट जागी पेपराखाली रबरी ठोकळा धरा. खोल खड्डा राहिला तर राहू द्या. त्याच्यासाठी सगळं कव्हर पातळ करणं चूक आहे.

गास्केट (तेल अडवणारं पातळ पान) बसते ती कड बफला लावूच नका. ती गोल झाली की कितीही गास्केट बदला, तेल पाझरणारच. जाड काचेवर ६०० चा पेपर पसरून ती बाजू हलक्या हाताने इंग्रजी आठच्या आकारात फिरवा, बस्स.

बफिंगला आधी सिसलच्या (घायपाताच्या धाग्याच्या) चाकावर तपकिरी बफ-साबण (पॉलिशची वडी), नंतर सैल सुती चाकावर पांढरा. एकाच चाकाला दोन्ही साबण लावू नका. भाग चाकाच्या मध्याखाली धरा आणि वरची कड चाकात जाऊ देऊ नका. चाक ती पकडतं आणि कव्हर हातातून भिरकावतं. गळ्यात गमछा नको, डोळ्यांवर सुरक्षा चष्मा हवा.

यानंतरचं काम बरेच जण विसरतात. टायमिंग कव्हरच्या आतून तेलाचे मार्ग जातात. त्यात अडकलेला बफचा साबण म्हणजे इंजिनात सोडलेली घासपूडच. त्या मार्गांचे प्लग (बुचं) काढून रॉकेलने धुवा, हवा मारा, मग पुन्हा धुवा. शेवटी पाण्याने धुवाल ते बोअरचं नको, त्याचे क्षार पांढरे डाग पाडतात, आरओचं घ्या. जुन्या सोलापुरी टॉवेलने कोरडं करून मेण लावा. पुन्हा लॅकर मारू नका. पावसाळ्यात महिन्याला एकदा मेण लावणं त्यापेक्षा सोपं आहे.

प्रश्न : क्रँककेस (इंजिनाची खालची पेटी) चकचकीत नको, मूळचा राखाडी पोत हवा. सँड ब्लास्टिंग चालेल का?
– एक वाचक, होटगी रोड

उत्तर : वाळू नको, काचेचे मणी वापरायला सांगा. वाळूने पृष्ठभाग खरवडला जातो, मग त्यात धूळ-तेल बसून तो लवकर काळवंडतो. बेअरिंगच्या जागा, आटे आणि तेलाची भोकं रबरी बुचांनी बंद करूनच भाग द्या. परत आल्यावर गरम साबणपाण्यात धुवून प्रत्येक भोकात हवा मारा. एक मणी राहिला तरी बेअरिंग जातं.

प्रश्न : जुन्या बुलेट ३५० च्या सिलिंडरला सिल्व्हर रंग द्यावा का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : नको. तुमच्या बुलेटचं सिलिंडर बिडाचं आहे, ॲल्युमिनियमचं फक्त हेड. बिडाचा गंज काढून उष्णता सोसणाऱ्या मॅट काळ्या रंगाचे दोन पातळ हात द्या. जाड थराने सिलिंडरवरच्या पात्यांमधली (फिन्समधली) उष्णता अडते. हेड मात्र उघडंच ठेवा.