फील्डवर्क शिकायचंय? कोर्सआधी रामनदी धरा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एस. वाय.ला भूगोल, कॉलेजची वर्षाकाठी एक सहल निघते आणि पॉइंट बघून, फोटो काढून परत येते. खरं फील्डवर्क शिकायला जीआयएसचा (संगणकावर नकाशे करण्याचा) महागडा कोर्स लावू की आधी उपकरणं घेऊ?

या वर्षी दोन्ही नको. पुण्यात आहात, तर रामनदी धरा. भूगावच्या पलीकडच्या डोंगरांतून येते, बावधनमधून पाषाण तलावात शिरते, तिथून बाणेर-औंधकडे जाऊन मुळेला मिळते. शेतं, सोसायट्या, जलपर्णी, सांडपाणी हे सगळं एकाच ओढ्यावर आणि बसच्या टप्प्यात. सह्याद्रीत जायला पुढे आयुष्य पडलंय.

आता पहिली गोष्ट म्हणजे प्रश्न. ‘रामनदीचं प्रदूषण’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. ‘पाषाण तलावात शिरताना आणि बाहेर पडताना पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन किती असतो, आणि पावसाळ्याआधी व नंतर त्यात फरक पडतो का?’ हा प्रश्न. असा प्रश्न ठरला की कुठे उभं राहायचं, काय मोजायचं, कधी मोजायचं हे आपोआप ठरतं. तो नसला की मुलं पीएच, क्षारता, तापमान, पक्षी, कचरा असं दिसेल ते मोजून आणतात आणि मे महिन्यात त्याचं काय करायचं म्हणून डोकं धरून बसतात.

ऑक्सिजन मोजायला महागडं मीटर लागत नाही. केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये विंकलर पद्धतीचं, म्हणजे रसायनं घालून ऑक्सिजन मोजायचं, सामान असतं. तिथल्या सरांना विचारून, हातमोजे घालून, एकदा त्यांच्यासमोर करा. ३०० मिलिलिटरची बीओडी बाटली (घट्ट बुचाची काचेची बाटली) पाण्याखाली हळूच तिरकी धरून भरायची आणि बूच लावताना आत बुडबुडा राहू द्यायचा नाही. राहिला, तर ओतून पुन्हा भरा, कारण त्या बुडबुड्यातला ऑक्सिजन तुमच्या आकड्यात जातो. मग काठावरच मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड घालून बाटली उलटसुलट करायची. तपकिरी साका (गाळासारखा थर) खाली बसला तर पाण्यात ऑक्सिजन आहे. साका पांढराच राहिला तर जवळजवळ नाही. टायट्रेशन, म्हणजे थेंब थेंब रसायन घालून नेमका आकडा काढणं, नंतर लॅबमध्ये होतं, पण नदीचं निम्मं म्हणणं तिथेच कळतं. उरलेलं रसायन नदीत ओतू नका, हे सांगावं लागू नये, पण सांगतो.

इथे वेळ फार महत्त्वाची. दिवसा शेवाळ ऑक्सिजन सोडतं, रात्री पाण्यातले सगळेच तो वापरतात. त्यामुळे एकाच जागी पहाटे आणि दुपारी तीनला आकडे वेगळे येतात. एक ठिकाण सकाळी सातला आणि दुसरं जेवून दुपारी केलंत, तर तुम्ही नदी नाही, घड्याळ मोजलंत. म्हणून वहीत तारीख, वेळ, नेमकी जागा (‘पुलाजवळ’ नव्हे, ‘पुलाच्या वरच्या बाजूला, डाव्या काठावरून’), आधीच्या दोन दिवसांत पाऊस झाला का, पाण्याचा रंग, वास हे सगळं पेन्सिलने आणि तिथेच. घरी येऊन आठवून लिहिलेली नोंद मी धरत नाही. वही अशी हवी की ती घेऊन तिसरा माणूस त्याच दगडावर जाऊन उभा राहील.

प्रवाह मोजायला संत्रं पुरतं. दहा मीटर सरळ, उथळ पट्टा टेपने मोजायचा, संत्रं सोडायचं, मोबाइलवर वेळ घ्यायची, पुन्हा पुन्हा करून सरासरी काढायची. पृष्ठभागाचं पाणी तळापेक्षा जोरात धावतं, म्हणून वेगाला ०.८५ ने गुणतात. समजा पात्र ३ मीटर रुंद, सरासरी खोली २० सेंटिमीटर, संत्र्याचा वेग सेकंदाला अर्धा मीटर. या तिन्हींचा आणि ०.८५ चा गुणाकार केला की प्रवाह आला सेकंदाला सुमारे २५५ लिटर, म्हणजे साधारण ९ क्युसेक (सेकंदाला ९ घनफूट). हे एकदा स्वतः केलं की खडकवासला धरणातून हजारो क्युसेक विसर्ग सोडल्याची बातमी वाचताना अंगावर काटा येतो. आणि हो, मुठेवरचा भिडे पूल पाण्याखाली जायच्या दिवसांत कुठल्याच पात्रात उतरायचं नाही.

नकाशाचं म्हणाल तर सर्व्हे ऑफ इंडियाचं ४७ एफ/१४ हे टोपोशीट (चढउतार दाखवणारा नकाशा) पाषाण-औंधसाठी पुरे. १:५०,००० प्रमाण, समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) उंचीच्या दर २० मीटरला एक. म्हणजे लहान घळ त्यात दिसणारच नाही, ती तुम्ही चालून भरायची. क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे. स्वतःच्या नोंदी हाताशी असतील तर ते सुट्टीत शिकून होतं. नसतील तर कोर्समध्ये दुसऱ्याच्याच डेटावर रंग भरत बसाल.

लोकांशी बोलायचं राहिलं, आणि भूगोलवाले इथेच सगळ्यात कच्चे. ‘पूर्वी नदी स्वच्छ होती ना, काका?’ असं विचारलंत तर काका ‘हो’च म्हणणार. त्याऐवजी ‘तुमच्या लहानपणी इथे कपडे कुठे धुवायचे? विहिरीला मे महिन्यात पाणी असायचं का?’ असं विचारा. ‘माझ्या लग्नाच्या वर्षी विहीर आटली’ अशी उत्तरं येतात, आणि लग्नाचं साल माणूस विसरत नाही. त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहा, तुमचा अर्थ वहीच्या उजव्या पानावर वेगळा. फोटो काढण्याआधी विचारा.