सेक्स पिस्टल्सच्या पहिल्या अल्बमसारखा जाड आवाज धुळ्यातल्या घरच्या खोलीत कसा काढायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: धुळ्यात चौघांचा बँड आहे, अहिराणीत पंक गाता. लंडनच्या सेक्स पिस्टल्स या पंक बँडचा 'नेव्हर माइंड द बॉलॉक्स' ऐकून तसाच दणका हवा आहे, पण रेकॉर्डिंग पातळ आणि चरचरीत येतं. तेव्हा डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा मुद्दाम फाटवलेला आवाज, आणखी वाढवायचं का? आणि सेक्स पिस्टल्स टीव्हीवर शिव्या दिल्या म्हणून मोठे झाले, हे खरं का?

डिस्टॉर्शन वाढवू नका, कमी करा. कारण पुढे सांगतो. आधी दुसऱ्या प्रश्नाचं, कारण दोन्ही उत्तरं एकाच ठिकाणी जातात.

टीव्हीचा प्रसंग १ डिसेंबर १९७६ चा. थेम्स टेलिव्हिजनवर बिल ग्रंडी यांच्या संध्याकाळच्या थेट कार्यक्रमात क्वीन या बँडच्या जागी ऐनवेळी यांना बसवलं, आणि ग्रंडींनीच डिवचल्यावर गिटारवाल्या स्टीव्ह जोन्सने शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी देशभरच्या वर्तमानपत्रांची पहिली पानं त्यांनी भरली. पण तोवर बँड वर्षभर वाजवत होता. पहिला कार्यक्रम ६ नोव्हेंबर १९७५ ला लंडनच्या सेंट मार्टिन्स कला महाविद्यालयात झाला, ४ जून १९७६ ला मँचेस्टरला कार्यक्रम झाला, ऑक्टोबरात ईएमआय या रेकॉर्ड कंपनीने ४०,००० पौंडांचा करार केला, आणि 'अनार्की इन द यूके' हे पहिलं गाणं ग्रंडींच्या कार्यक्रमाआधी पाच दिवस बाजारात आलं होतं. शिव्यांमुळे नाव झालं हे खरं, पण त्याच शिव्यांमुळे डिसेंबरातल्या दौऱ्याचे बहुतेक कार्यक्रम रद्द झाले आणि जानेवारीत ईएमआयने हात झटकले. मार्च १९७७ मध्ये ए अँड एम या दुसऱ्या कंपनीने बकिंगहॅम राजवाड्यासमोर सह्या घेतल्या आणि सहा दिवसांत करार मोडला. 'गॉड सेव्ह द क्वीन'च्या छापून तयार झालेल्या सुमारे २५,००० तबकड्यांपैकी बहुतेक नष्ट केल्या. मे महिन्यात व्हर्जिन या तिसऱ्या कंपनीने घेतलं. एवढ्या उलथापालथीत टिकली ती गाणी, कारण ती आधीच बसलेली होती. तुमच्याकडे सलग चाळीस मिनिटं न अडखळता वाजणारी गाणी नसतील, तर खळबळ माजवून हाती काही लागणार नाही.

आता आवाजाकडे. पंक म्हणजे एका दुपारी कसंही उरकलेलं रेकॉर्डिंग, हा समज या अल्बमला अजिबात लागू नाही. निर्माता ख्रिस थॉमस, ज्याने पिंक फ्लॉइडच्या 'डार्क साइड ऑफ द मून'चं मिक्सिंग सांभाळलं होतं. इंजिनिअर बिल प्राइस. जागा लंडनच्या हायबरी भागातला वेसेक्स स्टुडिओ, मुळात चर्चचं सभागृह. 'अनार्की' ऑक्टोबर १९७६ मधलं, बाकीचं काम १९७७ च्या मार्चपासून उन्हाळाभर तुकड्यातुकड्यांत चाललं. अल्बम २८ ऑक्टोबर १९७७ ला आला आणि थेट पहिल्या क्रमांकावर गेला.

जाडपणाचं मूळ बासमध्ये आहे. मूळ बासवाला ग्लेन मॅटलॉक फेब्रुवारी १९७७ मध्ये बाहेर पडला. त्याचा बास सुरेल, फिरता असे. जागी आलेल्या सिड व्हिशसला बास येत नव्हता, आणि एप्रिलात तो कावीळ होऊन रुग्णालयात होता. म्हणून 'अनार्की' सोडून जवळजवळ सगळा बास गिटारवाल्या जोन्सनेच वाजवला. 'बॉडीज'मध्ये सिडचा बास आहे, पण मिक्समध्ये खाली दबलेला. जोन्स बासवर गिटारचाच मूळ स्वर गिटारच्याच ठोक्याला वाजवत गेला. हात एक, चाल एक, म्हणून बास आणि गिटार मिळून एकच प्रचंड वाद्य वाटतं. त्याखाली पॉल कुकचे ढोल: साधे, जागा न सोडणारे. आणि वर जोन्सच्याच गिटारचे थरावर थर, गिब्सन लेस पॉल कस्टम ही गिटार फेंडर ट्विन रिव्हर्ब या अँपमधून.

तुम्ही हेच करा. आधी ड्रम, मेट्रोनोमवर, सोबत कच्ची गिटार फक्त दिशेपुरती. मग बास, आणि तो तुमच्या गिटारवाल्यालाच वाजवू द्या. बासवाल्याला राग येईल, त्याला आधी नीट समजावून सांगा, स्टेजवर वाजवणार तोच आहे. १ मिलिमीटरचं पिक, सगळे ठोके वरून खाली, मूळ स्वर, आठच्या लयीत, म्हणजे एका आवर्तनात सारखे आठ ठोके. बास आणि किक ड्रम २० मिलिसेकंदांनी जरी सरकले तरी बुडाचा धक्का पसरतो आणि गाणं सैल वाटतं. कडवं संपलं की दोन्हींच्या लहरी स्क्रीनवर मोठ्या करून बघा. जास्त सरकलं असेल तर माउसने ओढत बसू नका, पुन्हा वाजवा.

मग गिटार. एक टेक (एकदा सलग वाजवलेलं रेकॉर्डिंग) पूर्ण डावीकडे, दुसरा पूर्ण उजवीकडे, तिसरा मध्ये ६ डेसिबल खाली. ध्रुवपदात चौथा, एक सप्तक वर. प्रत्येक टेक नव्याने वाजवायचा. एकच टेक कॉपी करून दोन्हीकडे ठेवला तर फक्त मोठा होतो, जाड होत नाही. दोन वेळा वाजवताना हाताचा जो केसभर फरक पडतो, तोच कानाला रुंदी म्हणून लागतो.

आणि इथेच डिस्टॉर्शनचं उत्तर आहे. स्टेजवर गेन, म्हणजे डिस्टॉर्शन किती हे ठरवणारं अँपचं बटण, १० पैकी ७ वर असेल तर रेकॉर्डिंगला ४ वर आणा. जास्त गेनमध्ये पिकचा ठोका दबतो आणि वर फक्त चरचर उरते. चार थर झाले की चार चरचरी एकत्र होतात आणि सूर खाली गाडला जातो. तुमच्या तक्रारीचं कारण नव्वद टक्के हेच असणार. एकटा टेक ऐकताना थोडा कोरडा, मिळमिळीत वाटला पाहिजे. चार मिळाले की भरतो. माइक शूर एसएम ५७ किंवा तसलाच कुठलाही डायनॅमिक, अँपच्या जाळीपासून इंचभर, स्पीकरच्या मधल्या टोपीच्या कडेवर. कर्कश वाटलं तर टोन फिरवायच्या आधी माइक एक-दोन सेंटीमीटर बाहेरच्या बाजूला सरकवा. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, लेव्हलची टोकं उणे १० ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये. मिक्समध्ये गिटारचा ८० ते १०० हर्ट्झखालचा भाग कापा, ती जागा बासची.

ड्रमवर दोन ओव्हरहेड, म्हणजे डोक्यावरून टांगलेले, माइक लावणार असाल तर स्नेअरच्या मध्यापासून दोन्ही माइक सारख्याच अंतरावर हवेत. सुतळीने मोजा. अंतर चुकलं तर स्नेअर पोकळ येतो आणि नंतर कशानेही भरत नाही.

खोलीबद्दल खानदेशाला एक मोठी सोय आहे, कापूस. अंड्याचे ट्रे भिंतीला चिकटवू नका, त्यांनी काही होत नाही. जुन्या कापसाच्या गाद्या पिंजाऱ्याकडून पिंजून घ्या, कारण वर्षानुवर्षं झोपून दडपलेल्या, दगड झालेल्या गादीत आवाज नीट शिरत नाही. मोकळा कापूस शोषतो. चार इंची गादी भिंतीपासून चार इंच सोडून दोरीवर टांगा. मागच्या मोकळ्या जागेमुळे खालचे स्वरही पकडले जातात. दहा बाय बाराच्या खोलीत सहा गाद्या पुरतात: गायकाच्या पाठीमागे दोन, ड्रमच्या दोन बाजूंना दोन, आणि दोन गुंडाळून कोपऱ्यांत उभ्या. छत उघडं राहिलं तर ड्रमच्या वर गोधडी बांधा. व्हॉल्व्हचा अँप गादीपासून दोन फूट लांब ठेवा, कापूस पेटायला वेळ लागत नाही.

एप्रिल-मेमध्ये हे काम काढूच नका. पारा ४४ वर असताना तारा सैल होऊन सूर खाली उतरतो, कूलर लावला तर त्याचा घरघराट माइकमध्ये जातो, आणि त्याच्या ओलीने गिटारची मान व ड्रमचं कातडं दोन्ही हलतात. कूलर बंद-चालू करत चार थर वाजवले तर चारही वेगवेगळ्या सुरात निघतात. चांगला काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. घाई असेल तर पहाटे पाच ते नऊ, आणि प्रत्येक टेकआधी ट्यूनर.

विजेचं नीट ऐका, कारण यात जीव जातो. गिटारमध्ये घूंऽऽ असा ५० हर्ट्झचा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. आवाज कमी झाला तर अर्थिंगमध्ये दोष असू शकतो. मीठ-कोळशाचा जुना अर्थिंगचा खड्डा आपल्याकडच्या उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि निकामी होतो. त्यात दोन बादल्या पाणी ओता, तासाभराने न्यूट्रल आणि अर्थमधला दाब मीटरने मोजा. दोन-तीन व्होल्ट चालतात. पाचच्या वर असेल तर वायरमन बोलवा. घूं जावी म्हणून प्लगची अर्थची पिन कधीही काढू नका. गिटारच्या तारा अर्थला जोडलेल्या असतात आणि गाताना ओठ माइकला लागतात, म्हणजे दोन्हींच्या मध्ये तुमचं शरीर असतं. लोडशेडिंगसाठी इन्व्हर्टर असेल तर तो शुद्ध साइन वेव्हचाच हवा. स्वस्त स्क्वेअर वेव्हवर अँप नुसता भुणभुणतो.

गाण्याच्या भाषेबद्दल. पिस्टल्सचा गायक जॉनी रॉटन लंडनच्या आपल्या बोलीत गायला, अमेरिकन उच्चारांची नक्कल न करता, आणि व्यंजनं चावून गायला. तुम्ही अहिराणी निवडली आहे ती सोडू नका, तिच्यात याचा थेट फायदा आहे. 'आहे' दोन अक्षरी, 'शे' एकाच. 'काय शे' हे आठच्या लयीत ठोक्यावर चपखल बसतं, 'काय आहे' तिथे लोंबतं. 'मले', 'तुले' यांतला शेवटचा ए-कार ओढून वर फेकता येतो. कडवं एकाच आवाजात ठेवा, ध्रुवपदात दुसरा टेक जोडा, कॉम्प्रेशन, म्हणजे मोठा आवाज दाबून सारखा करणं, ४:१. ते जास्त केलं तर श्वास आणि 'श' टोचू लागतात, आणि अहिराणीत 'शे' पावलोपावली येतो.

नाव आणि कव्हरबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगतो. 'बॉलॉक्स' शब्द खिडकीत लावला म्हणून नॉटिंगहॅमच्या व्हर्जिन दुकानाच्या व्यवस्थापकावर १८८९ च्या अश्लील जाहिरात कायद्याखाली खटला झाला. बचावाला वकील जॉन मॉर्टिमर होते, आणि नॉटिंगहॅम विद्यापीठाचे प्राध्यापक जेम्स किन्सली यांनी हा शब्द जुन्या इंग्रजीतला आहे अशी साक्ष दिली. २४ नोव्हेंबर १९७७ ला सुटका झाली. आपल्याकडे भारतीय न्याय संहितेचं कलम २९६ आहे. सार्वजनिक जागी किंवा तिच्याजवळ लोकांना त्रास होईल असं अश्लील गाणं गायलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी आहे. म्हणजे चौकातल्या कार्यक्रमाची गाणी आणि अल्बमची गाणी वेगळी निवडा.

पिस्टल्सच्या अल्बमचं जेमी रीडने केलेलं कव्हर पिवळं-गुलाबी, अक्षरं वर्तमानपत्रातून कापून चिकटवल्यासारखी. तसा भडक फ्लोरोसंट रंग डिजिटल किंवा ऑफसेटच्या चार शाईंत निघत नाही, मळकट येतो. लग्नपत्रिका छापणाऱ्या स्क्रीन प्रिंटवाल्याकडे जा, फ्लोरोसंट पिवळी आणि गुलाबी अशा दोन शाया मागा, आणि आधी पिवळी पूर्ण वाळू द्या.