घरच्या कॅमेऱ्याने जुन्या निगेटिव्ह डिजिटल करता येतात, की स्कॅनर घ्यावा? की लॅबला द्याव्यात?

स्कॅनर घेऊ नका. तुमच्याकडे डीएसएलआर आहे ना, मग झालं. फ्लॅटबेड स्कॅनरच्या खोक्यावर 6400 डीपीआय (इंचाला तेवढे ठिपके) छापलेलं असतं, 35 मिमीच्या निगेटिव्हवर त्याच्या निम्मंही पदरात पडत नाही. आणि लॅबचं जे शेवटी विचारलंय, त्यासाठीच खरं तर लिहायला बसलो. देऊ नका.

आमच्या दादांनी, म्हणजे मोठ्या बाबांच्या मुलाने, दिल्या होत्या. शहरातल्या लॅबने सीडी दिली. त्यात फोटो जुन्या प्रिंटसारखेच कापलेले आणि मोबाईलवर बरे दिसतील एवढेच मोठे. पट्ट्यांची गुंडाळी करून वर रबर लावलेलं. दादा म्हणाले, "झालं नं आता, टाक होळीत." मी डब्यासकट घरी घेऊन आलो.

त्यात 1993 च्या पोळ्याचा रोल होता. तोरणाखाली आमची जोडी, झूल, बाशिंगं, सगळं आहे, पण कासरा धरणारा माणूस नाही. कोपरापर्यंत हात तेवढा दिसतो. मोठे बाबा म्हणायचे हात माझा, माझे बाबा म्हणायचे माझा. दर पोळ्याला जेवताना हाच विषय. आता दोघेही नाहीत, वावर वाटून झालं, हात वाटायचा राहिला.

त्या काळी आपल्याकडे साडेतीन बाय पाच इंचांचे प्रिंट निघायचे. निगेटिव्हची चौकट 24 बाय 36 मिमी, म्हणजे प्रिंटपेक्षा लांबट. दोन्ही कडा मशीन खायची. लॅबवाल्याने तीच कापणी सीडीतही केली.

मी ते घरीच केलं. 50 मिमीची साधी लेन्स आणि कॅमेरा-लेन्सच्या मध्ये एक्स्टेन्शन रिंग, म्हणजे लेन्स पुढे सरकवणारी पोकळ कडी. क्रॉप सेन्सरवर (साध्या डीएसएलआरमधला लहान सेन्सर) 31 मिमीची रिंग लावली की चौकट जवळजवळ पूर्ण भरते. रिंग पितळी टोकं असलेलीच घ्या. बिनटोकांची स्वस्तातली घेतली तर बऱ्याच कॅमेऱ्यांत अॅपर्चर (लेन्सचं भोक) हातात राहत नाही. खाली टॅबलेटवर पांढरा स्क्रीन, त्यावर बोर्ड बनवणाऱ्याकडून आणलेला दुधी अॅक्रिलिकचा तुकडा आणि निगेटिव्ह त्याच्याही वर चार बोटं, नाहीतर स्क्रीनचे ठिपके फोटोत येतात. टॅबलेट बॅटरीवर चालतो, त्यामुळे लाइन गेली तरी काम अडत नाही. निगेटिव्हच्या जागी आरसा ठेवा. कॅमेऱ्यातून पाहताना मधोमध लेन्सच दिसली म्हणजे कॅमेरा सरळ आहे. एफ 8, आयएसओ 100, दोन सेकंदांचा टायमर, खोलीत अंधार, पंखा बंद. पंखा बंद म्हणजे मे महिन्यात नादी लागू नका. आणि भावाची वाट पाहत घरात कापूस भरून ठेवला असेल तर तो विकला जाईपर्यंत डबा उघडूच नका. त्याचा एक तंतू पडद्यावर दोरखंडाएवढा दिसतो. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. रबरी ब्लोअर मिळतो.

फोटो रॉमध्येच (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) घ्या. रंगीत निगेटिव्हचा नारिंगी थर नुसतं उलटं केल्याने जात नाही, सगळं निळं पडतं. डार्कटेबल हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यातल्या नेगाडॉक्टरला दोन चौकटींमधली कोरी पट्टी दाखवायची, मग बाकीचं तिथेच जुळवायचं.

तर तो हात. चौकट अख्खी आली आणि कडेला माणूस उभा. मोठे बाबा नाहीत, माझे बाबाही नाहीत. आमचा सालदार! डोक्याला दुपट्टा, कानावर बिडी, आणि नजर कॅमेऱ्याकडे नाही, बैलाच्या पायाकडे. जोडी वर्षभर त्याने हाकली, मग कासरा दुसरं कोण धरणार? त्याच्या पोराकडे बापाचा मतदान कार्डावरचा फोटो तेवढा होता. त्याला मोठा प्रिंट काढून दिला.

दादांना दाखवलं तर म्हणे, "हे काय खरं हाय का बावा? कंप्युटरवर तं आजकाल कोनाचंबी मुंडकं कोनालेबी लावते."

म्हणून तुम्हाला सांगतो, आपल्या घरातही असा कोणी असेल तर 31 ऐवजी 21 ची रिंग लावा. कडेची भोकं, चौकटीचा नंबर, फिल्मचं नाव, सगळं फोटोत येऊ द्या. नंतर कापता येतं. मूळ रॉ फाइल पुसू नका. मी तसंही करून दाखवलं. दादा आता म्हणतात, नंबरही तूच टाकला असशील.

स्कॅनरबद्दल जरा जास्तच बोललो असेन. रंगीत फिल्मवरची धूळ इन्फ्रारेडने ओळखणारे स्कॅनर येतात, ती सोय कॅमेऱ्यात नाही. पण नेहमीच्या ब्लॅक अँड व्हाइटवर ती चालत नाही, म्हणून तुमचा डबा कसला आहे ते आधी बघा. बुरशी असेल तर पाण्याने धुऊ नका, फोटोचा थरच सुटून येतो. आणि डबा उघडताच आंबट वास आला तर फिल्म सडायला लागली समजा, दिवाळीची वाट न पाहता त्या पट्ट्या आधी उरका, आणि डबा टिनाखालून हलवा.